जुन्या जीप-पिकअपची चासी वाकली आहे का? आधी मोजा, मग जॅक लावा

महिंद्राच्या जुन्या जीपच्या चासीवर हौदा बांधलेल्या पिकअप माझ्याकडे सतत येतात आणि त्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: "गाडी एका बाजूला खेचते, चासी वाकलीय, सरळ करून द्या." त्यातल्या बऱ्याच गाड्यांची चासी सरळ असते. दोष असतो पाट्यात (लीफ स्प्रिंगमध्ये), सेंटर बोल्टमध्ये, बुशमध्ये किंवा नुसत्या टायरमध्ये. पण मालकाने आधीच कुठेतरी बॉडी उतरवून, चेन लावून, गॅसने तापवून चासी ओढून घेतलेली असते आणि सरळ चासी खरंच वाकडी झालेली असते. मग काम दुप्पट होतं. म्हणून हा क्रम लिहितोय. सुरुवातीच्या तपासण्या फुकटात होतात, पुढच्यांना गवंड्याची हत्यारं पुरतात आणि शेवटच्या कामांना घरी हात लावायचा नाही.

मी बोलतोय ते विलिस या अमेरिकन कंपनीच्या जीपच्या नमुन्यावरच्या गाड्यांबद्दल: शिडीसारखी चासी, पुढे-मागे दोन्हीकडे अखंड एक्सल, चारही बाजूंना पाटे. १९४७ पासून मुंबईत जुळणी सुरू झालेल्या जीपपासून पुढे कित्येक वर्षं हीच मांडणी चालली. हौदा कंपनीचा असो की गावातल्या बॉडी बिल्डरचा, खालचा हिशेब तोच.

लक्षणं

सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सोडलं की गाडी नेहमी एकाच बाजूला जाते. स्टिअरिंग वाकडं धरलं तरच गाडी सरळ चालते. मागून येणारा माणूस सांगतो की तुमची गाडी तिरकी चालतेय, पुढची चाकं एका रेषेत आणि मागची दुसऱ्या रेषेत. पुढच्या टायरची एकच कड झिजते, नवीन टायर टाकला तरी तीच. गाडी उभी असताना एका कोपऱ्यात बसलेली दिसते.

बॉडीवरची लक्षणं वेगळी धरा. केबिन आणि हौदा यांच्यातली फट वर बारीक आणि खाली रुंद झाली असेल, तर चासी मधोमध खाली बसल्याची शंका घ्यावी. फट डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरी असेल तर चासी बाजूला वाकली असेल किंवा पीळ पडला असेल. बॉनेटची एक कडी लागते, दुसरी ओढून लावावी लागते. रेडिएटरचा पाइप किंवा सोल्डर पुन्हा पुन्हा फुटतं. गियर बॉक्सखालचा क्रॉस मेंबर (चासीचा आडवा दांडा) काढला की बोल्टांची भोकं परत जुळत नाहीत. हे शेवटचं लक्षण मला सगळ्यात जास्त पटतं, कारण त्यात टायर, पाटे, बॉडी यांचा संबंधच नसतो.

एकट्या लक्षणावरून निर्णय घेऊ नका. खेचण्याची कारणं अनेक असतात. खेचणं, तिरकी चाल आणि न जुळणारी भोकं ही तिन्ही एकत्र दिसली, तर मात्र खाली शिरायची वेळ झाली.

टायर, हवा आणि ब्रेक

थंड टायरमध्ये चारही चाकांची हवा मोजा. पुढच्या दोन टायरांचा साइज आणि झीज सारखी आहे का पाहा. एक रिमोल्ड आणि एक नवीन असेल तर गाडी खेचणारच. मग पुढचे दोन टायर डावे-उजवे अदलाबदल करून चालवून बघा. खेचण्याची दिशा बदलली तर दोष टायरचा आहे, चासीचा विषय तिथेच संपला.

ही चाचणी सपाट जागेवर करा. आपले रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते असतात. डाव्या बाजूने चालणारी कुठलीही गाडी थोडी डावीकडे जाणारच. गावाबाहेरचं मोकळं मैदान किंवा मार्केट यार्डाचं रिकामं काँक्रीट बरं.

थोडं अंतर ब्रेक न मारता चालवा, थांबा आणि चारही ड्रमजवळ हात न्या. एकच ड्रम तापलेला असेल तर त्या चाकाचा ब्रेक चिकटतोय आणि तोच गाडी ओढतोय.

ओल्या चाकांचे ठसे

सिमेंटच्या कोरड्या जमिनीवर बादलीभर पाणी ओता, त्यातून गाडी अगदी सरळ पुढे काढा आणि उतरून ठसे बघा. या जीपच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधली रुंदी जवळपास सारखीच असते, म्हणून मागच्या चाकाचा ठसा पुढच्यावर बसायला हवा. दोन्ही बाजूंचे मागचे ठसे एकाच दिशेला सरकलेले दिसले तर तिरकी चाल पक्की झाली. पण तिरकी चाल म्हणजे वाकडी चासी नव्हे. मागचा एक्सल चासीखाली तिरका बसला तरी ठसे अगदी असेच उमटतात. तो का तिरका बसतो ते पुढच्या तपासणीत येतं.

पाटे, सेंटर बोल्ट, यू-बोल्ट

इथे घाई करू नका. मी पाहिलेल्या "वाकलेल्या" चासींपैकी बहुतेकींचा उलगडा इथेच झाला आहे.

पाट्यांची चळत मधोमध एका सेंटर बोल्टने बांधलेली असते. त्या बोल्टचं डोकं एक्सलवरच्या बैठकीतल्या भोकात बसतं आणि एक्सल पुढे-मागे सरकू देत नाही. यू-बोल्ट सैल राहिले की सगळा झटका त्या एकट्या बोल्टवर येतो, तो कापला जातो आणि एक्सलची एक बाजू मागे सरकते. बाहेरून काहीच तुटलेलं दिसत नाही. गाडी मात्र तिरकी चालायला लागते.

तपासायला मेजर टेप पुरे. पाट्याच्या न हलणाऱ्या टोकाच्या, म्हणजे शॅकल (पाट्याच्या टोकाची झुलती कडी) नसलेल्या टोकाच्या, पिनपासून एक्सलच्या मध्यापर्यंत मोजा. डावीकडे आणि उजवीकडे. मागे हे टोक पुढच्या बाजूला असतं. या गाड्यांत पुढच्या पाट्यांचं शॅकल अगदी नाकाशी असतं, म्हणून पुढचं माप पाट्याच्या मागच्या पिनपासून घ्यायचं. एक सूत, म्हणजे साधारण ३ मिमी, फरक चालून जातो. बोट मावेल इतका फरक असेल तर यू-बोल्ट खोला आणि सेंटर बोल्ट बघा. बदलताना यू-बोल्टसुद्धा नवे टाका. एकदा ताणून घट्ट केलेला जुना यू-बोल्ट पुन्हा तशी पकड देत नाही.

गाडी एका बाजूला बसलेली असेल तर आधी पाट्यांवर संशय घ्या. आपल्याकडच्या जुन्या जीप बराच काळ डाव्या स्टिअरिंगच्याच होत्या आणि पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. ड्रायव्हर आणि टाकी दोघांचं वजन वर्षानुवर्षं डाव्या पाट्यांवर. त्यामुळे डावी बाजू खाली असणं हे या गाडीचं जुनं दुखणं आहे. पाटे काढून जमिनीवर शेजारी शेजारी ठेवले की कुणाची कमान उतरली ते लगेच कळतं. उतरलेला पाटा कमान मारून घेता येतो, मात्र दोन्ही बाजूंचे एकदमच करून घ्या.

शॅकल आणि बुश पाहताना पहार पाट्याच्या टोकाखाली घालून हलवा. टोक कडेने खुळखुळत असेल तर बुश गेला. जुन्या मॉडेलांत आटे असलेले यू-शॅकल असतात. ग्रीस न मिळाल्याने त्यांचे आटे झिजून जातात आणि एक्सल आडवा सरकतो.

पुढचा एक्सल आणि स्टिअरिंग

पुढचं चाक उचला, वर-खाली धरून हलवा. खेळ असेल तर किंग पिनचे बेअरिंग किंवा हबचे बेअरिंग. डावी-उजवी बाजू धरून हलवा. खेळ असेल तर टाय रॉडचे एंड किंवा पुढच्या क्रॉस मेंबरवरचा बेलक्रँक (स्टिअरिंगची हालचाल टाय रॉडकडे नेणारा जोड). बेलक्रँकची पिन झिजली की गाडी दोन्हीकडे भरकटते, आज इकडे, उद्या तिकडे. वाकलेली चासी तसं करत नाही, ती नेहमी एकाच बाजूला नेते. हा फरक लक्षात ठेवला तर बराच खर्च वाचतो.

एक्सल वाकला असेल तर चाक उभ्या रेषेतून कललेलं दिसतं. दोन्ही पुढच्या चाकांच्या रिमला ओळंबा लावून वर-खालचं अंतर बघा. खड्ड्यात जोरात आदळलेल्या गाडीत चासीच्या आधी एक्सल वाकलेला सापडतो.

आता चासी मोजायची

वरचं सगळं नीट असेल किंवा नीट करून झाल्यावरही तिरकी चाल राहिली असेल, तरच हे काम करा. पाटे आणि बुश दुरुस्त न करता घेतलेल्या मापावर विश्वास ठेवता येत नाही.

लागतं काय? ओळंबा, मेजर टेप, खडू, दोरी, गुण्या आणि गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप. घोटलेला कोबा किंवा सपाट फरशी हवी. मातीवर हे होत नाही. चासी आधी धुऊन, वायर ब्रश मारून घ्या. चिखलाच्या थरावरून घेतलेलं माप खोटं येतं.

आधी व्हीलबेस मोजा, दोन्ही बाजूंनी. सीजे-३बी या जुन्या जीप मॉडेलचा मूळ व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर, ८० इंच, म्हणजे २०३२ मिमी. नंतरच्या लांब मॉडेलांचा ९१ इंच, म्हणजे सुमारे २३११ मिमी. तुमच्या मॉडेलचा मूळ आकडा आणि टेपवरचा आकडा यांत वीतभर फरक आला, तर चासी कधीतरी मध्ये कापून लांब केलेली आहे. वडापसाठी (शेअर प्रवासी वाहतुकीसाठी) किंवा जास्त मालासाठी असे उद्योग आपल्याकडे भरपूर झालेत. तो सांधा शोधा. चासी वाकली असेल तर बहुधा तिथेच.

गाडी चार घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) पक्की उभी करा. जॅकवर ठेवून कधीही खाली शिरू नका, जॅक फक्त उचलण्यापुरता. मग दोन्ही चॅनेलवर, म्हणजे चासीच्या लांब दांड्यांवर, सारख्या जागा निवडा: पुढच्या टोकाजवळचं भोक, पुढच्या पाट्याच्या मागच्या हँगरची पिन, मधल्या क्रॉस मेंबरचा रिव्हेट, मागच्या पाट्याच्या पुढच्या हँगरची पिन आणि मागचं टोक. कारखान्यातलं मूळ भोक किंवा रिव्हेट घ्या. नंतर कुणी वेल्डिंग करून बसवलेला ब्रॅकेट घेऊ नका, तो मुळातच चुकीच्या जागी असू शकतो. प्रत्येक जागेवरून ओळंबा सोडा आणि जमिनीवर खडूने फुली करा. सगळ्या फुल्या झाल्या की गाडी उतरवून बाजूला ढकला. तुमच्या चासीचा नकाशा जमिनीवर उरतो.

आता कर्ण मोजा. अख्ख्या चासीचे दोन कर्ण घेऊन थांबू नका. पुढचा चौकोन, मधला चौकोन, मागचा चौकोन असे तुकडे करून प्रत्येकाचे दोन दोन कर्ण घ्या. ज्या तुकड्यात फरक येतो, दोष त्या तुकड्यात.

फरकाचा अर्थ लावताना भूमिती जपून वापरावी लागते. समजा चासीची रुंदी ७४० मिमी आणि मोजलेली लांबी २००० मिमी. एक चॅनेल दुसऱ्याच्या मानाने १० मिमी मागे सरकला, म्हणजे चौकोन सैल बाजेसारखा तिरका झाला, तर दोन कर्णांत सुमारे १९ मिमी फरक पडतो. हा दोष टेपवर मोठा होऊन दिसतो. पण तीच चासी पुढे १० मिमी बाजूला सरकली असेल, तर कर्णांत फरक पडतो फक्त ७ मिमी. म्हणजे बाजूला वाकलेली चासी कर्णांच्या मापात सहज लपते. नुसते कर्ण मोजून "चासी ठीक आहे" म्हणणाऱ्यावर म्हणूनच विसंबू नये.

बाजूचा वाक पकडायला मध्यरेषा लागते. मधल्या तुकड्यातल्या प्रत्येक जोडीचा मध्य काढा, त्यातून खडूची दोरी ताणून रेष मारा आणि ती पुढे-मागे वाढवा. पुढच्या आणि मागच्या जोड्यांचे मध्य त्या रेषेवर पडतात का बघा. मधला तुकडा पाया धरायचा, कारण ठोकर बसते ती टोकांना.

किती फरक चालतो? कारखान्यातून निघालेली जुनी चासीसुद्धा काटेकोर नसते. एक सूत फरक असेल तर विसरून जा. दोन सूत, म्हणजे सुमारे ६ मिमी, असेल तर दुसऱ्या दिवशी फुल्या पुसून पुन्हा सगळं मोजा. तोच आकडा परत आला तर चासी वाकली आहे, असं मी धरतो.

पीळ आणि बसकण

ओळंब्याने वरून दिसणारा आकार कळतो, उंचीतला फरक कळत नाही. त्यासाठी लेव्हल पाइप. पाण्यात थोडी नीळ टाका म्हणजे पातळी दिसते आणि पाइपात एकही बुडबुडा राहू देऊ नका, एका बुडबुड्याने सगळी मापं चुकतात. पुढच्या क्रॉस मेंबरजवळ डावी-उजवी उंची घ्या, मग मागच्या क्रॉस मेंबरजवळ घ्या. पुढे डावी बाजू ८ मिमी खाली आणि मागेही डावीच ८ मिमी खाली, तर गाडी फक्त कललेली आहे, पाटे बघा. पुढे डावी खाली आणि मागे उजवी खाली, तर पीळ आहे.

पण थांबा. ही उघड्या चॅनेलची चासी लवचिक असते. खडबडीत रस्त्यावर चाकं जमिनीला धरून राहावीत म्हणून ती थोडी पिळली जाणं तिच्या बांधणीतच आहे. एका कोपऱ्याचा पाटा उतरला असेल तर बॉडीसकट उभ्या गाडीत तात्पुरता पीळ दिसतो. खरा पीळ फक्त नागड्या चासीवर कळतो. बॉडी, इंजिन, एक्सल उतरवलेली चासी चार सारख्या ठोकळ्यांवर ठेवा, कुठला कोपरा अधांतरी राहतो ते मोजा. त्याआधी चारही ठोकळ्यांचे माथे लेव्हल पाइपने एका पातळीत आणा. ठोकळे एका पातळीत असूनही कोपरा अधांतरी राहिला, तर पीळ चासीतच आहे. जमीन किंवा ठोकळे वाकडे असतील तर सरळ चासीतही फट दिसते.

मधली बसकण बघायला चॅनेलच्या खालच्या सरळ भागात दोन्ही टोकांना सारख्या जाडीचे ठोकळे लावून दोरी ताणा आणि मध्ये अंतर मोजा. चासी सगळीकडे सरळ नसते, मागच्या एक्सलवर ती मुद्दाम उचललेली असते. म्हणून डाव्या चॅनेलचं माप उजव्याशी ताडून बघा. दोन्ही सारखे बसले असतील तर कारण बहुधा वर्षानुवर्षं क्षमतेपेक्षा जास्त भरलेला माल.

तडे आणि गंज

वाकण्यापेक्षा मला तड्यांची भीती जास्त वाटते. वाकडी चासी टायर खाते, तडा गेलेली चासी घाटात गाडी सोडते.

बघायच्या जागा ठरलेल्या आहेत. स्टिअरिंग बॉक्स जिथे चॅनेलला बसतो ती जागा आधी. मग पाट्यांच्या हँगरचे रिव्हेट, इंजिन फाउंडेशन, मागचा हूक बसवलेला क्रॉस मेंबर आणि जुन्या वेल्डिंगच्या पट्ट्या जिथे संपतात ती टोकं. मूळचं हरिकेन पेट्रोल इंजिन काढून जड डिझेल बसवलेलं असेल, तर फाउंडेशनच्या आसपास नक्की शोधा. वजनही वाढलं आणि थरथरही, चॅनेल मात्र तोच राहिला. मागे उसाची किंवा पाण्याची ट्रॉली ओढलेली असेल तर मागचा क्रॉस मेंबर.

रंग जिथे खवल्यांसारखा उडालाय, तिथे पत्रा ताणला किंवा दुमडला गेलाय. रिव्हेटखालून गंजाचा तांबूस ओघळ आला असेल तर तो रिव्हेट सैल आहे. एका बाजूला बोट ठेवून दुसरीकडून हातोडीने हलकं ठोका, हलला की बोटाला कळतं.

बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही. जागा घासून साफ करा, रॉकेल लावा, थोडा वेळ मुरू द्या, कोरड्या फडक्याने पूर्ण पुसा आणि वर खडूची पूड किंवा चुन्याचा पातळ हात द्या. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल बाहेर येऊन पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. हे करताना जवळपास आग नको आणि टाकी उतरवलेली असावी.

कोकणातल्या गाड्यांना एक वेगळी तपासणी लागते. समुद्राची हवा आणि मासळीच्या बर्फाचं खारं पाणी यांनी चॅनेल आतून खाल्ला जातो, बाहेरचा रंग शाबूत दिसतो. जिथे चॅनेल पेटीसारखा बंद केलेला आहे तिथे हातोडीने ठोकत जा. खणखणीत आवाज एकदम बोथट झाला तर आत पत्रा उरलेला नाही.

काय घरी करता येतं

सेंटर बोल्ट, यू-बोल्ट, बुश, पाटे बदलणं. बॉडीचे बोल्ट आणि त्याखालची रबरं बदलणं. केबिनची फट पुष्कळदा यानेच जुळते. सैल रिव्हेट काढून त्या जागी बोल्ट टाकणं, पण भोक रीमरने साफ करून त्यात घट्ट बसणारा ८.८ किंवा १०.९ ग्रेडचा बोल्ट, लॉक नटसकट. ढिल्या भोकात साधा बोल्ट टाकला तर काही महिन्यांत भोक लांबट होतं. पुढच्या बंपरचा ब्रॅकेट किंवा नाकाचं टोक किंचित वाकलं असेल आणि पत्रा दुमडलेला नसेल, तर ते थंडच, जॅकने थोडं थोडं दाबून सरळ करता येतं. लोखंड थोडं परत येतं म्हणून हव्या मापाच्या किंचित पुढे न्यावं लागतं. प्रत्येक दाबानंतर जॅक सोडून मोजा.

गॅसने लालभडक तापवून हातोडा मारू नका आणि तापवलेल्या चॅनेलवर पाणी तर अजिबात ओतू नका. चासीचा ताठपणा त्या जागी जातो आणि पुढच्या वेळी ती तिथेच वाकते. झाडाला चेन बांधून दुसऱ्या गाडीने ओढायचं तर नावच काढू नका. ताणात तुटलेली चेन माणूस मारते.

इथे थांबा, जाणत्याला बोलवा

चॅनेलच्या वरच्या किंवा खालच्या पाखीवर (आडव्या कडेवर) दुमड किंवा तडा असेल. स्टिअरिंग बॉक्सजवळ काहीही असेल. नागड्या चासीवर खरा पीळ सापडला असेल. मध्यरेषा १० मिमीपेक्षा जास्त सरकली असेल. गंजाने भोक पडलं असेल. आधी कुणी कापून जोडलेली असेल. यातलं एक जरी असलं तरी घरचं काम संपलं. पीळ काढायला तीन कोपरे जखडून चौथा ओढावा लागतो. हायड्रॉलिक बेंच आणि मापाचे गेज असल्याशिवाय ते जमत नाही. तोपर्यंत गाडी माल भरून चालवू नका. स्टिअरिंगजवळचा तडा असेल तर रिकामीही नको, उचलून न्या.

कारागीर निवडताना त्याला तुमचा खडूचा नकाशा दाखवा आणि तो स्वतः पुन्हा मोजतो का ते बघा. न मोजता चेन लावणारा असेल तर परत या. ट्रकच्या चासीचं काम रोज करणारे लोक उद्यमनगरासारख्या जुन्या औद्योगिक वस्त्यांत मिळतात, आणि जीपची चासी त्यांच्यासाठी लहान काम असतं.

वेल्डिंग करणार असेल तर हे आधी विचारा. तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडणार का? ते नसेल तर तडा वेल्डिंगच्या पुढे पळतो. तडा घासून खोबण करणार की वरून नुसता मणी चढवणार? ७०१८ नंबरचे कोरडे वेल्डिंग रॉड वापरणार का? आधाराची पट्टी चौकोनी कापणार की टोकं निमुळती? चौकोनी पट्टीच्या उभ्या सांध्यावर सगळा ताण एका रेषेत येतो आणि नवा तडा तिथूनच सुरू होतो. पाखीच्या कडेवर आडवं वेल्डिंग नको. काम सुरू होण्याआधी बॅटरीच्या वायर काढलेल्या आणि सीटखालची टाकी गाडीबाहेर गेलेली तुम्ही स्वतः बघा.

चासी नंबर जिथे ठोकलेला आहे तिथे ग्राइंडर, वेल्डिंग, पट्टी काहीही चालणार नाही. नंबर खराब झाला की गाडी सरळ असूनही कागदावर संशयास्पद होते. चासी बदलायची किंवा लांबी कमी-जास्त करायची असेल तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ लागू होतं, आधी आरटीओत विचारा. आणखी एक. २०२१ पासून ५० वर्षांहून जुन्या, व्यावसायिक नसलेल्या गाड्यांना 'व्हीए' मालिकेची विंटेज नोंदणी मिळते, पण चासीत फेरफार झालेला नसावा ही तिची अट आहे. मालवाहू म्हणून नोंद असलेली पिकअप त्यात बसत नाही. खासगी नोंदीच्या जीपचा मालक असाल, तर चासी कापू देण्याआधी याचा विचार करा.

काम झाल्यावर

गाडी ताब्यात घेण्याआधी पुन्हा पाण्यातून काढा, ठसे बघा. ओळंबा लावून मधला आणि दुरुस्त केलेला तुकडा परत मोजा आणि आकडे तारखेसह वहीत लिहा. पहिले काही दिवस रिकामी चालवा, मग यू-बोल्ट पुन्हा आवळा. अर्धा माल भरून एखादा घाट चढून-उतरून या आणि वेल्डिंगच्या टोकांना रॉकेल-खडू परत लावा. रेघ उमटली नाही आणि कर्णांचे आकडे वहीतल्या आकड्यांशी जुळले, तर पूर्ण माल भरायला हरकत नाही.